पिहूला झोपवायचं कुठे?

केळीच्या बुडाशी पिलं फुटतात ना, तसं आमच्या घरी पिहूच्या झोपायच्या जागेच्या गोष्टींचं झालंय. एक कापावी तर बाजूला दुसरी उभी! दुपारी ओट्यावर बायका जमल्या की मला बसवतात आणि म्हणतात, "सांग ना यमुना." मी सांगते, त्या हसतात, मीही हसते. पण घडत होतं तेव्हा आमच्यापैकी कोणाला हसू येत नव्हतं, हे आधीच सांगून ठेवते.

पिहू माझी नात. माझ्या धाकट्या गोकुळची मुलगी, सात वर्षांची. जन्मापासून तिच्या अंगात जोर कमी. मान डळमळती, बोलता येत नाही, अधूनमधून आकडीही येते. लोळत लोळत ती पालथी होते, पण पालथी झाली की परत सुलटं होणं तिला जमत नाही. तोंड जिथे रुतलं तिथे रुतलं. ओरडायचं म्हटलं तर आवाज उशीत. म्हणून ती झोपली की घरात एक ना एक माणूस जागं. जेवतानासुद्धा आमचा एक कान तिच्याकडे असतो.

*

पाच वर्षांची होईस्तोवर पिहू झोळीत झोपायची. माझ्याच जुन्या लुगड्याची झोळी, आढ्याला बांधलेली. धुळ्याला थेरपीसाठी नेतो, तिथे नवीन मॅडम आल्या. वयाने माझ्या सुनेएवढ्याच, पिहूच्या आईएवढ्या, रूपालीएवढ्या. पण नजर अशी की समोरचं माणूस आपोआप सरळ बसतं.

त्यांनी विचारलं, "पिहू झोपते कशात?"

मी रुबाबात सांगितलं, "झोळीत! माझी पाचही पोरं झोळीतच वाढली."

"आजी, हनुवटी छातीला लावा बरं. अजून खाली. आता मोठा श्वास घ्या."

मी घेतला. घशात बूच बसल्यासारखं झालं.

मॅडम म्हणाल्या, "झोळीत तिची मान अशी दुमडते. तुमची पोरं मान उचलत असतील. हिला उचलता येत नाही."

धुळ्याहून शिरपूरपर्यंत एसटीत मी तोंड उघडलं नाही. एरवी माझ्या गप्पांना कंडक्टरसुद्धा वैतागतो! घरी आले, झोळी सोडली आणि विळीवर धरून टराटरा फाडली. फरशी पुसायची फडकी केली तिची.

रूपाली म्हणाली, "अहो आई, नुसती सोडून ठेवायची ना!"

मी म्हटलं, "नुसती सोडली तर उद्या मीच परत बांधीन!"

*

मग आली बाज. दोरीने विणलेली, अंगणातली. पण बाज मधे झोळ खाते, आणि पिहू घरंगळत बरोबर त्या खड्ड्यात, तोंड खाली!

गोकुळ केळीच्या पॅकिंगवर जातो, कधी चोपड्याकडे, कधी पार रावेरपर्यंत. दिवसभर क्रेट उचलून हाताला जोर असा की विचारू नका. म्हणाला, "माय, दोरी ताणतो ना, काय टेन्शन घेतेस!" ताणली. अशी ताणली की पिहूला आकडी आली तेव्हा पोर बाजेवर चेंडूसारखी उडायला लागली. रूपालीने तिला वरच्यावर झेलली.

बाज त्याच दिवशी मिरच्या वाळवायला गेली. मिरच्या मात्र फार छान वाळतात तिच्यावर.

*

सगळे शहाणे म्हणाले, खाली गादी टाका. जमिनीवरून कोण कुठे पडणार? पटलं. गादी टाकली, पिहू निजली, आणि कितीतरी दिवसांनी आम्ही सगळे एका वेळी जेवायला बसलो.

आकडीचं औषध गोड असतं, हे तुम्हाला माहीत नसेल. पाजताना एखादा थेंब गालावर ओघळतो. जेवून उठलो तर पिहूच्या गालापासून कानापर्यंत मुंग्यांची रांग! चावून चावून कान लाल झालेला. पोर रडत नव्हती, नुसती डोळे उघडे ठेवून वर बघत होती. रूपालीने तिला उचललं आणि स्वतःच रडायला लागली.

शेजारच्या सिंधूअक्का धावत आल्या. त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीवर उपाय असतो. त्यांनी मुंग्यांचा खडू आणला आणि गादीभोवती जाड पांढरी रेघ ओढली. "आते एक बी मुंगी येत नही!"

दुसऱ्या दिवशी मॅडमना फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, "आजी, मुंगी ज्याने मरते ते पोरीच्या तोंडाशी ठेवलंत?"

फरशी चार वेळा धुतली. सिंधूअक्काच धूत होत्या, आणि आपलं नाव पुढे आलं की काय म्हणून मला विचारत होत्या, "मॅडमले मनं नाव सांगं का तू?"

*

रूपाली चाळीसगावची. तिच्या लग्नात आलेला सागवानी पलंग होता, तो पिहूला द्यायचा ठरला. ठेवायचा कसा, यावर मात्र घरात सभा भरली! सिंधूअक्का म्हणाल्या, पाय दक्षिणेला नकोत. गोकुळ म्हणाला, मग डोकं दाराकडे येतं. मी म्हटलं, दाराकडे डोकं नको, वारा लागतो. पलंग फिरवून फिरवून फरशीवर चरे पडले. शेवटी दिशा जमली, पलंग भिंतीला टेकला. सगळे खूश.

दिशा आम्ही चारदा बघितली. पलंग आणि भिंत यांच्यामधली फट कोणीच बघितली नाही.

दुपारी रूपाली कपडे वाळत घालून आली, तर पलंग रिकामा! खाली बघितलं, नाही. पलंगाखाली बघितलं, नाही. मग फटीतून वर आलेला एक पाय दिसला. गोकुळने तो सागवानी पलंग एका हाताने ओढला. एरवी तो हलवायला तीन माणसं लागतात. पिहू बाहेर आली, निळसर, खोकत. खोकली म्हणून आमच्या जिवात जीव आला.

गोकुळने पलंग ओढत ओढत खोलीच्या बरोबर मधोमध आणला आणि भिंतीकडे हात करून ओरडला, "आते भीतच नको!"

तेव्हापासून आमच्या घरात पलंगाभोवती फिरूनच इकडचं तिकडे जावं लागतं. कोणी पाहुणा आला की चौरंगासारखा मधोमध मांडलेला पलंग बघून दारातच थांबतो आणि विचारतो, "पूजा आहे का आज?"

*

भिंत गेली, आता चारही बाजूंनी कठडा हवा. गावात डगा मिस्तरी आहेत, आम्ही नाना म्हणतो. शेताची फाटकं, बकऱ्या कोंडायचे वाडगे, सगळं तेच करतात. त्यांनी दोन दिवसांत कठडा उभा केला, एक बाजू उघडणारी, तिला बाहेरून कडी. मजबूत! गोकुळने त्यावर लोंबकळून बघितलं, करकरला नाही.

मॅडमना फोटो पाठवला. उत्तर आलं, "दांड्यांमधली जागा फार आहे. अंग सरकून जाईल आणि डोकं अडकेल."

नानांना राग आला. "चाळीस वर्षं काम करतो मी! बकरीनं डोकं जात नही ह्यामधून. शिंग अटकस ना!"

रूपाली कधी मोठ्या माणसासमोर बोलत नाही. त्या दिवशी बोलली, "नाना, माझ्या पोरीला शिंगं नाहीत हो!"

नाना पिहूकडे वळून खूप वेळ बघत राहिले. मग चहा न घेताच गेले, दांड्या घेऊन आले आणि जुन्या दर दोन दांड्यांच्या मधे एकेक नवी ठोकली. मूठ जाईल, बाकी काही जाणार नाही.

*

पण दांड्या वाढल्या तसा पलंग दिसायला वेगळाच झाला. सिंधूअक्का आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "अवं माय, पोरले पिंजरामा घाली दिधं का?"

त्यांच्या मनात काही नव्हतं. बोलून गेल्या. पण रूपाली आत निघून गेली, आणि त्या दिवसापासून कठड्याची कडी लावायला तयार होईना. कडी उघडी ठेवून स्वतः त्या बाजूला खाली बसून राहायची. पाठ दुखायला लागली, डोळ्यांखाली काळं आलं.

गोकुळला ते बघवेना. पॅकिंगवर केळीच्या फण्यांमधे घालायचा पांढरा फोम असतो, तो त्याने आणला आणि कठड्याला आतून सगळीकडे गुंडाळला, उशाशी दुहेरी. पलंग ढगासारखा दिसायला लागला! रूपालीच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी हसू आलं. गोकुळने फोनवर मॅडमना कौतुकाने दाखवलं, "बघा मॅडम, आता कुठे लागायची भीतीच नाही!"

मॅडम म्हणाल्या, "गोकुळभाऊ, मऊ काहीच नको. तोंड दाबलं गेलं तर? काढून टाका सगळं."

गोकुळ चिडला. "ह्या फोममधून केळं परदेशात जातं मॅडम! एक डाग पडत नाही!"

"केळं श्वास घेत नाही, भाऊ."

गोकुळने फोन ठेवला. रूपालीकडे न बघता एकेक पट्टी सोडली, घडी केली आणि सगळी थप्पी त्याला पॅकिंगवर नेणाऱ्या टेम्पोत नेऊन टाकली. त्या संध्याकाळी तो जेवला नाही.

*

गादी मात्र आता बरोबर होती. कडक, आणि चारही बाजूंनी अशी बसलेली की बोट घालायला जागा नाही. मॅडमनी फोनवरून कोपरान् कोपरा बघितला आणि म्हणाल्या, "आता झोपवा. कडी लावून."

रूपाली म्हणाली, "माझ्याच्याने होणार नाही."

मी पदर खोचला. म्हटलं, "आधी मी झोपून बघते."

गोकुळ ओरडला, "माय, मोडेल ना!"

"काय मोडेल? पलंग का मी?"

"दोन्ही!"

चढले. पाय दुमडून आडवी झाले. गोकुळला कडी लावायला सांगितली आणि दोघांना कामाला पाठवलं. वर पंखा दिसत होता. इकडे दांड्यांमधून दार दिसत होतं. स्वयंपाकघराच्या बाजूला मात्र नानांनी मजबुतीसाठी अखंड फळी मारलेली. रूपालीच्या बांगड्या ऐकू येत होत्या, कपबशा ऐकू येत होत्या, पण रूपाली दिसत नव्हती. मी साठी उलटलेली बाई! तरी थोड्या वेळाने माझ्या तोंडून हाक गेलीच, "रूपाली, आहेस ना गं?"

"आहे ना, आई."

परत थोड्या वेळाने, "आहेस ना?"

तेवढ्यात सिंधूअक्का आल्या. मला कठड्याच्या आत बघून कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "यमुना! तुले कोणी कोंडी ठेवं?"

मी म्हटलं, "अक्का, आधी नानांना बोलवा. ही फळी काढायचीय."

*

फळी निघाली, तिथेही दांड्या आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी औषध पाजून, गाल नीट पुसून रूपालीने पिहूला पलंगावर ठेवलं, तोंड स्वयंपाकघराकडे. कडी लावली. कडीवरचा हात काही उचलेना. मीच म्हटलं, "जा, भाकरी टाक. गोकुळला डबा न्यायचाय."

रूपाली परात घेऊन स्वयंपाकघराच्या दारासमोरच बसली, पिहूला दिसेल अशी. कळण्याचं, ज्वारी-उडदाचं पीठ मळलं. पहिली भाकरी थापली, थप थप थप.

पिहूने कठड्याला लाथ मारली. ठक.

रूपाली थांबली. पिहूही थांबली, डोळे मोठे करून दांड्यांमधून बघत.

रूपालीने परत थापलं. थप थप.

ठक.

मी भाजी निवडत होते, माझे हात थांबले. रूपाली माझ्याकडे बघेना, नुसती थापत होती. थप थप, ठक. थप थप, ठक. दुसरी भाकरी, चौथी भाकरी. तवा तापून धूर निघाला तरी तिचं लक्ष नाही. गोकुळ डबा घ्यायला आला आणि दारात उभाच राहिला.

मग एकदा थप थप झालं आणि ठक आलंच नाही.

रूपालीचा हात परातीवर तसाच. परत थापलं. काही नाही. तिच्या मानेवरची शीर मला दिसत होती. मागे न बघता ती हळूच म्हणाली, "आई, बघा ना."

मी उठले. गुडघे धरले होते, भिंत धरून गेले. दांड्यांमधून हात घातला आणि पिहूच्या नाकाशी तळवा धरला.

श्वास गरम होता. येत होता, जात होता. तोंड उघडं, तोंडाभोवती मोकळी जागा, एक हात दांडीला धरलेला. गाढ झोपलेली.

मी रूपालीकडे बघून मान हलवली. तिने पीठ ओढलं आणि परत थापायला लागली. थप थप थप. मी भाजायला बसले. गोकुळ दारातून हलला नाही. त्याचा टेम्पोवाला बाहेर हॉर्न वाजवायला लागला, तर गोकुळ बाहेर धावत जाऊन त्याच्याशीच भांडला. पीठ संपलं, रूपालीने नवीन मळलं. तेही संपत आलं तेव्हा कुठे आत चुळबुळ ऐकू आली.

दुपारी मी टोपलीभर भाकरी घेऊन गल्लीत निघाले. डगा नानांकडे दिल्या, टेम्पोवाल्याच्या घरी दिल्या, उरलेल्या सिंधूअक्कांकडे.

अक्कांनी टोपलीवरचं फडकं उचललं आणि माझ्याकडे बघतच राहिल्या. "इतल्या भाकरी? आज काय कार्यक्रम शे तुमना घर?"

मी म्हटलं, "काही नाही अक्का. पिहू झोपली."