कतरीनबायचं नाक

डोंगरीत लग्न ठरलं की आधी हॉल बघतात, मग केकवाला, आणि मग माझ्या सासूबाईंना निरोप येतो. कतरीनबाय, अमुक दिवशी या, बरणी उघडायची आहे.

उत्तनच्या बाजूचं हे आमचं गाव. इथल्या ख्रिस्ती घरांत नाताळाला आणि लग्नाला घरची वाइन लागतेच. काळी द्राक्षं, साखर, यीस्ट आणि मूठभर गहू चिनीमातीच्या बरणीत भरायचे आणि तोंड फडक्यानं बांधून ठेवायचं. इथवर कुणालाही जमतं. गाळायची कधी, तिथे खरी मेख असते. उशीर झाला की तिचं व्हिनेगर होतं, आणि तसली वाइन लग्नात वाटली तर पुढच्या पिढीच्या लग्नापर्यंत लोक बोलतात. म्हणून गाळण्याआधी सासूबाई येऊन बरणीवर वाकायच्या, डोळे मिटून वास घ्यायच्या आणि एक शब्द बोलायच्या. "गाळा" किंवा "थांबा". थेंब तोंडात घालायच्या नाहीत. चाखून कुणालाही कळतं, असं त्यांचं म्हणणं. त्या शब्दावर त्यांचा गावातला सगळा मान उभा होता. त्यांच्या तोडीचं दुसरं नाक एकच, खालच्या आळीतल्या रेजिनाबायचं. साहजिकच दोघी एकमेकींशी बोलत नसत.

मी गोडदेव गावची. लग्न करून या घरात आले तेव्हा मला मासे साफ करता येत नव्हते. त्या नाकानं माझा जो छळ केलाय तो मीच जाणे. मी स्वयंपाकघरात कालवण ढवळायची आणि सासूबाई बाहेर ओट्यावरून ओरडायच्या, हळद कच्ची राहिली. चाखायच्या आधीच! सुरुवातीला रडू यायचं. नंतर नुसती डोक्यात तिडीक जायची.

गेल्या फेब्रुवारीत गावच्या बायकांनी नाशिकची सहल काढली. सासूबाई जरा आढेवेढे घेत होत्या, पण वाइनचा कारखाना बघायचा आणि कतरीनबाय नाही म्हणजे काय, म्हणून बायकांनी त्यांना बसमध्ये घातलंच. मी सोबत गेले, गुडघे त्यांचे आणि औषधांची पिशवी माझी. धरणाचं पाणी बघितलं, फोटो झाले. धबधब्याला नळाएवढं पाणी होतं. तरी तासभर बसलो, कारण डबे तिथेच उघडायचं ठरलं होतं.

दुपारी वायनरीत गेलो. भलीमोठी स्टीलची पिंपं आणि आत डिसेंबरसारखा गारवा. माहिती सांगणारी मुलगी गोड होती. तिनं प्रत्येकीच्या हातात लांब दांड्याचा ग्लास दिला आणि वास घेऊन काय आठवतं ते सांगायला लावलं. कुणाला पेरू आठवला, कुणाला हिरवी मिरची. सगळ्यांच्या माना सासूबाईंकडे वळल्या. त्यांनी डोळे मिटून वास घेतला आणि चांगली हाय म्हणाल्या. टाळ्या पडल्या. मग त्या मुलीनं बिघडलेली वाइन कशी असते ते कळावं म्हणून मुद्दाम ठेवलेला एक ग्लास फिरवला. ग्लास जिच्या हातात जाई तिचं तोंड वाकडं होई. मला तर ठसकाच लागला. सासूबाईंनी तो ग्लास घेतला, तसेच डोळे मिटले, तसाच वास घेतला.

"ही पन चांगली हाय."

बायका खो खो हसल्या. कतरीनबायनं मस्करी केली, असं त्यांना वाटलं. पण मी त्या बाईच्या हाताखाली संसार केलाय. ही बाई वाइनवरून मस्करी करणार नाही.

परतताना भिवंडीहून आत वळून वज्रेश्वरीला गेलो. तिथल्या गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडले की गुडघे मोकळे होतात, म्हणून तो थांबा आधीच ठरला होता. कुंडाजवळ गंधकाचा वास येत होता. बायकांनी नाकाला पदर लावले. सासूबाई मात्र पाण्यात पाय सोडून निवांत बसल्या होत्या. मी शेजारी बसले आणि विचारलं, आई, हा वास कसला येतोय?

त्यांनी इकडेतिकडे बघितलं. समोर देवळाच्या वाटेवर पूजेच्या सामानाची दुकानं होती. धूप लावलाय कुणीतरी, म्हणाल्या.

त्यांनाही कळलं की मला कळलं. मग हळूच म्हणाल्या, करोना झाला तेव्हा गेलेला वास परत आलाच नाही. तेव्हापासून बरणी कधी भरली ते विचारायचं, फेस बघायचा आणि देवाचं नाव घेऊन सांगायचं, असं चाललं होतं. कुणाचं बिघडलं नाही, ही येशूची कृपा.

मला आधी भयंकर राग आला. म्हणजे इतकी वर्षं माझ्या कालवणातली हळद कच्ची राहत होती ती नाकाशिवाय! पण त्यांचा चेहरा बघितला आणि राग ओसरला. म्हातारीकडे दुसरं होतं काय? नवरा गेला, मासळीचा धंदा सुटला. लोक दाराशी येत होते ते या नाकासाठी.

आम्ही तिथेच ठरवलं. त्यांच्याबरोबर मी जायचं, आधी मी वाकून बघायचं. वाइन चांगली असेल तर ओढणी सारखी करायची, नसेल तर खोकायचं. चार घरं असं निभावलं. माझी ओढणी बघून त्या "गाळा" म्हणायच्या, आणि मला आत मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मे महिन्यात त्यांच्या भावाच्या मुलीचं, शेरलचं लग्न आलं. तीन मोठ्या बरण्या, पाहुणे मुंबईपासून वसईपर्यंतचे. घर बायकांनी भरलेलं. पहिल्या दोन बरण्यांना मी ओढणी सारखी केली. तिसरीवर वाकले आणि अडकले. नाशिकच्या त्या ग्लासातला वास होता की नुसता बरणीचा? परत वाकले. कळेना. ना खोकता येईना, ना ओढणीला हात जाईना. सगळ्या बघत होत्या.

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. त्या सहज "गाळा" म्हणू शकल्या असत्या. कुणीही विचारलं नसतं. त्या कमरेवर हात ठेवून सरळ उभ्या राहिल्या.

"मना वास येत न्हाय. करोनापासून न्हाय. पोरीचं लगीन हाय, रेजिनाला बोलवा."

शेरलच्या आईनं कपाळाला हात लावला. मग एकजण धावत खालच्या आळीत गेली.

रेजिनाबाय ठेवणीतलं लुगडं नेसून आली. या दिवसाची वाट तिनं किती वर्षं बघितली असेल! ती बरणीवर वाकली. खूप वेळ वाकून राहिली. मग मान वर करून सासूबाईंकडे बघत राहिली.

"कतरीन," ती म्हणाली, "माजा पन गेलाय."

आधी सासूबाईंना हसू फुटलं आणि मग दोघी म्हाताऱ्या एकमेकींना धरून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. अख्खं गाव इतकी वर्षं यांच्या भरवशावर पीत होतं.

हसू आवरल्यावर सासूबाईंनी चमचा माझ्या हातात दिला. मी चाखलं. जरा उग्र होती, पण खराब नव्हती. गाळा, मी म्हणाले. माझा आवाज इतका बारीक निघाला की मला दुसऱ्यांदा सांगावं लागलं.

लग्नात दोघी शेजारी शेजारी बसल्या. ग्लास वर झाले, सगळे प्याले. सासूबाई ग्लास हातात धरून लोकांची तोंडं बघत होत्या. या टेबलावरून त्या टेबलावर. कुणाचंही तोंड वाकडं झालं नाही. मग त्यांनी ग्लास तोंडाला लावला आणि माझ्याकडे वळल्या.

"गोड हाय," म्हणाल्या. "मना तेवडंच कळतं."