भट्टीवाल्यांचा कॉम्प्युटर

आमच्या काकांना कुणी नावानं हाक मारल्याचं मी कधी ऐकलं नाही. कारखान्यात ते भट्टीवाले, गल्लीत भट्टीवाले, आणि चिडली की काकूसुद्धा "विचारा त्या भट्टीवाल्यांना" असंच म्हणायची. काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात भट्टी सांभाळण्यात त्यांचा जन्म गेला. काचेची भट्टी एकदा पेटवली की वर्षानुवर्षं विझवायची नसते. रात्र असो, सुट्टी असो, मालकाच्या घरी लग्न असो, भट्टी चालूच. ती विझली तर आतली वितळलेली काच जागच्या जागी थिजते, विटा तडकतात आणि नवी भट्टी बांधण्यापलीकडे इलाज उरत नाही. म्हणून रात्रपाळीला भरवशाचा माणूस लागतो, आणि काकांइतका भरवशाचा माणूस कारखान्याला दुसरा मिळाला नाही. हे कौतुक म्हणायचं की शिक्षा, ते काकूला विचारावं.

काकू इस्पितळात कामाला होती, चादरी आणि अभ्रे धुऊन येतात त्या खोलीत. तिला सकाळी लवकर निघावं लागे. काका जिना चढून येत तेव्हा ती दारात चपला शोधत असायची. दोघांचा पलंग एकच, पण झोपायचे पाळीपाळीनं. "माझ्यापेक्षा त्या पलंगाला विश्रांतीची जास्त गरज आहे," असं ती म्हणायची. मग मुलगा कसा झाला, असं कुणी चावटपणे विचारलंच तर न लाजता सांगायची, "साप्ताहिक सुट्टी असते की माणसाला!"

ती हसण्यावारी न्यायची, पण मी तिच्या सख्ख्या दिराची मुलगी, राहते त्यांच्याच डोक्यावर, वरच्या मजल्यावर. मला ठाऊक होतं तिला काय हवंय ते. तिला फार काही नको होतं. "हे एकदा घरी बसले ना," ती मला चादरीच्या घड्या घालता घालता सांगायची, "की जेवणं उरकायची, दिवा मालवायचा आणि अंधारात पडल्या पडल्या बोलत राहायचं. झोप लागेपर्यंत. सगळ्या बायका करतात तसं." इस्पितळातली एखादी गंमत मला सांगायला सुरुवात करून मध्येच थांबायची. "जाऊ दे, ही त्यांच्यासाठी ठेवते."

काका निवृत्त झाले आणि काही महिने तसं झालंही. खालून कुजबुज ऐकू यायची, मध्येच काकूचं खुदकन हसणं. मी आपली कूस बदलून झोपायची. माझ्या काकूचं आता भलं झालं, असं मला खरंच वाटत होतं.

मग कॉम्प्युटर आला. मुलगा दूरच्या शहरात राहतो. नातू झाला तेव्हा त्यानं तो पाठवून दिला, पडद्यावर बाळ दिसावं म्हणून. घर दोन खोल्यांचं, बाहेरची खोली आणि स्वयंपाकघर. टेबल मावलं ते पलंगाच्या उशाशीच. नाकापेक्षा मोती जड, असं ते ध्यान दिसायचं. पण काकांनी त्याचा ताबा घेतला. सकाळी उठून हलक्या हातानं पुसणार, मागच्या जाळीवर तळहात धरून ऊब बघणार. आणि रात्री तो बंद करायचा नाही, हे पहिल्याच दिवशी जाहीर झालं.

"अहो, हा काय भट्टी आहे का?" काकू म्हणाली. "ह्यात बाटल्या वितळतायत?"

"तापलेलं यंत्र निवू दिलं की तडकतं," काका म्हणाले. "हे मला कुणी शिकवू नये."

आता खरं सांगायचं तर त्यात काकांचा निव्वळ हट्ट नव्हता. ते तरुण असताना एकदा इंधन आलं नाही आणि त्यांच्या डोळ्यांदेखत भट्टी विझली होती. आतली थिजलेली काच महिनोन् महिने घण घालून फोडावी लागली आणि तोवर निम्मी माणसं घरी बसली. त्यातली काही परत कामावर आलीच नाहीत. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो, हे मलाही कळतं. शिवाय त्या डब्यात आता त्यांचा नातू होता. तो विझला आणि परत पेटलाच नाही तर बाळाचं तोंडही गेलं, असं काहीतरी त्यांच्या मनात होतं. ते बोलून दाखवत नसत, पण नातवाचा फोटो पडद्यावर आला की आवाज खाली आणून बोलायचे.

पण काकूला झोप येईना. त्या डब्याचा पंखा घरघरायचा, मध्येच जोर धरायचा, मध्येच मंदावायचा. समोरचा हिरवा दिवा डोळ्यांवर यायचा. त्यावर तिनं रुमाल टाकला तर काकांनी काढला, हवा कोंडते म्हणून. आणि सगळ्यात वाईट म्हणजे काकांचं लक्ष. ती अंधारात काहीतरी सांगायला लागली आणि पंख्याचा सूर जरा बदलला की हे म्हणायचे, "थांब." म्हणजे गोष्ट थांबायची. पुढं ती सुरूच करायची नाही.

मी काकांशी भांडले. मी काही मऊ बोलणारी नाही. म्हटलं, "काका, सगळं जग रात्री कॉम्प्युटर बंद करून झोपतं."

"सगळ्या जगानं भट्टी सांभाळलेली नाही," ते म्हणाले. पुढं बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

शेवटी काकूनंच एकदा पडद्यावरच्या मुलाला विचारलं, "तूच सांग रे बाबा, हा रात्री बंद करायचा की नाही?" बापाचा स्वभाव त्याला माहीत. तो आईकडे बघून म्हणाला, "बंद केला तरी चालतं," आणि बापाकडे बघून म्हणाला, "चालू ठेवला तरी चालतं." काकांनी त्यातलं आपल्यापुरतं उचललं. "ऐकलंस? चालू ठेवला तरी चालतं." त्याच रात्री काकूनं आपली गादी उचलून स्वयंपाकघरात नेली.

"चार दिवस," ती मला म्हणाली. "चार दिवसांत मन पाघळेल त्यांचं."

ते पाघळलं नाही. काकांना वाटलं, बायकोला मोकळी हवा आवडत असेल. असं त्यांनी खरोखर मला सांगितलं! स्वयंपाकघराला खिडकी आहे ती एवढीशी, आणि तीही धुराड्याकडे तोंड करून. मला इतका राग आला की मी त्यांच्याशी कित्येक दिवस कामापुरतंच बोलत होते. काकूनं मात्र राग केला नाही. तिनं केला असता तर बरं झालं असतं. ती ओट्याखाली गादी अंथरायची, उशाला पाण्याचा तांब्या ठेवायची आणि दार लोटून घ्यायची. महिने गेले, मग वर्षं गेली. नातू पडद्यावर रांगला, चालला, "आजोबा" म्हणायला लागला. मधेमधे वीज जायची, पण मुलानं सोबत पाठवलेल्या बॅटरीवर तो तेवढा वेळ काढायचा. कॉम्प्युटर काही विझला नाही.

मग गेल्या उन्हाळ्यात कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर जळला. भर सकाळी मोठा आवाज झाला आणि सगळ्या गल्लीची वीज गेली. मी पाणी चढेल की नाही ते बघायला खाली उतरले, तर काका टेबलाशी बसलेले. बॅटरीही संपून काळ्या पडलेल्या पडद्यापुढं, दोन्ही हात त्या डब्यावर ठेवून. आजाऱ्याच्या उशाशी बसावं तसे.

"थंड पडत चाललाय गं," ते म्हणाले.

त्या दिवशी ते जेवले नाहीत. काकू दोनदा ताट घेऊन आली आणि दोनदा परत गेली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वीज आली, पंखे फिरले, गल्लीत पोरांनी ओरडा केला. काका हलेनात. बटण दाबायला त्यांचं बोट पुढं होईना. "तू दाब," ते मला म्हणाले, आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

मी दाबलं. टुणकन आवाज झाला, पडदा उजळला आणि नातू नेहमीसारखा दात काढून हसला. काही तडकलं नव्हतं, काही थिजलं नव्हतं. एक कणभरही फरक नव्हता.

मला वाटलं, आता काका खूश होतील. ते पडद्याकडे बघत राहिले, आणि त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. "काहीच झालं नाही," ते म्हणाले. मग परत म्हणाले, अगदी हळू, "अगं, ह्याला काहीच होत नव्हतं." सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण त्या संध्याकाळी माझ्यासमोर तो पीळ सुटला. इतकी वर्षं मनात त्यांना मी नाही नाही ते बोलले होते. आता मी स्टूल ओढून त्यांच्या शेजारी बसले.

त्यांनी मला कॉम्प्युटर कसा बंद करायचा ते विचारलं. त्यांना ते कधी शिकावंच लागलं नव्हतं. मी दाखवलं, त्यांनी स्वतः केला. पंखा थांबला आणि खोली एकदम मोठी वाटायला लागली. मग त्यांनी पलंग झटकला, कपाटातून दुसरी उशी काढली, तिला नवा अभ्रा घातला आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले.

"अगं," ते म्हणाले, "बंद केलाय. ये बाहेर."

काकू डबे पुसत होती. ती रागावली नाही, चिडली नाही. "झोपा तुम्ही," म्हणाली. "मला इथंच बरं वाटतं."

"आता आवाज येत नाही."

"आवाजाचं नाही हो." तिनं डब्याचं झाकण लावलं. "मला आता शेजारी कुणी असलं की झोप लागत नाही. सवय मोडली."

काकांनी एक पाय उंबऱ्याच्या आत टाकला. "मग मी येऊ का इकडे?"

काकूनं खाली जमिनीकडे पाहिलं, खरंच अंदाज घेतल्यासारखं. "दोन गाद्या नाही मावत इथं," ती म्हणाली. ती खोटं बोलत नव्हती. मी ते स्वयंपाकघर झाडलेलं आहे, मावत नाहीत.

तेव्हापासून काका रोज जेवणं झाल्यावर कॉम्प्युटर बंद करतात. एक दिवस चुकत नाहीत. बंद केला की स्वयंपाकघराकडे तोंड करून मोठ्यानं सांगतात, "बंद केला गं." वर मलाही ऐकू येतं. काकू आतून "बरं" म्हणते.