हरणीच्या मानेसाठी नऊ दिवस

नागपूरच्या बसस्थानकावर भंडाऱ्याच्या गाडीत चढलो तेव्हा माझ्या पिशवीत दोन सदरे, एक पंचा, चिवड्याचा पुडा आणि चामड्याचा एक लांब पट्टा होता. पट्टा पिशवीत मावत नव्हता. त्याची दोन टोकं बाहेर लोंबत होती आणि प्रत्येक टोकाला पितळी कडी होती. तिकीट फाडता फाडता कंडक्टरनं ती कडी बोटानं वाजवून पाहिली.

"हे कायचं होय जी?"

"जेरबंद. घोड्याला बांधतात."

"आन् घोडा कुठं आहे?"

"घोडी. ती आंधळगावच्या पुढे आहे."

"म्हन्जे घोडी तिकडं, पट्टा इकडं. बरं झालं, एकाच तिकिटात भागलं."

आजूबाजूचे लोक हसले. मी खिडकीबाहेर पाहू लागलो.

आपल्या गावच्या वाचनालयाच्या हस्तलिखितासाठी काहीतरी लिही, असं पत्र आल्यापासून मी विचारात होतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी चौथीच्या पुढे गेलं नाही. त्यामुळे मी इतक्या लांब, जनावरांच्या डॉक्टरकीच्या कॉलेजात नेमकं काय करतो, हे घरी कोणालाच नीट ठाऊक नाही. कधी कधी मलाही नसतं. म्हणून दिवाळीच्या सुट्टीतली ही हकिगत लिहितो.

माझ्या खोलीत दिगांबर नावाचा मुलगा राहतो. त्याचे मामा, श्रावणमामा, आंधळगावच्या पलीकडच्या एका खेड्यात टांगा चालवतात. त्यांची घोडी हरणी लग्नसराईत नवरदेवांनाही पाठीवर घेते. मागच्या उन्हाळ्यात वरातीत तिनं एकाएकी मान वर फेकली. नवरदेवाचं बाशिंग मोडलं आणि नाक फुटलं. तेव्हापासून तिला कोणी बोलावत नाही. दिगांबर म्हणाला, "तू एनसीसीत घोडे शिकतोस ना? मग जा की." त्याला स्वतःला राहिलेल्या विषयाचा अभ्यास होता.

एनसीसीच्या तबेल्यावर आम्हाला घोडे शिकवणाऱ्या दफेदारांकडून मी चिठ्ठी लिहून जेरबंद घेतला. त्यांनी तो हातात दिला आणि म्हणाले, "परत आणशील तेव्हा मी याची भोकं बघेन. तू काय केलंस ते मला कळेल."

शहापूर मागे पडेपर्यंत दोन्ही बाजूंना भात पिवळं झालेलं दिसू लागलं. आपल्याकडे शेत म्हणजे ज्वारीचा लांबच लांब तुकडा. इथे प्रत्येक शेत चारी बाजूंनी मातीचा बांध घालून केलेलं, परातीसारखं. त्याला बांधी म्हणतात. दर दोन कोसांवर एक तलाव, आणि तलावात लोक डोंग्यात बसून शिंगाडे तोडत होते. आपल्याकडे पाण्यासाठी आभाळाकडे बघतात. इथे पाणी खाली बघितलं तरी दिसतं. भंडाऱ्याला गाडी बदलली आणि दुपारी आंधळगावला उतरलो.

श्रावणमामा टांगा घेऊन आले होते. काटक अंग, डोक्याला पांढरा दुपट्टा. मी वाकून नमस्कार केला.

"अरे, डाक्टर तं पोट्टाच आहे!" ते म्हणाले.

"मी अजून डॉक्टर नाही मामा. दोन वर्षं बाकी आहेत."

"हरणीले कुठं माईत आहे ते!"

हरणी लहानखुरी, तांबूस रंगाची, कपाळावर पांढरा टिळा. मी जवळ गेलो तशी तिनं मान अशी वर फेकली की तिचं नाक आभाळाकडे आणि डोळे मागे. त्या अवस्थेतच ती चालू लागली. रस्ता तिला दिसत तरी होता की नाही कोण जाणे.

रात्रीच्या जेवणात चिन्नोर तांदळाचा भात होता. शिजताना त्याचा वास अंगणात येत होता. सोबत तलावातले मासे आणि लाखोरीच्या डाळीचे वडे. मी चौथा वडा नको म्हणालो, पण मामींनी ऐकलं नाही.

जेवताना सगळी गोष्ट कळली. मामांची मुलगी सुलोचना हिचं लग्न अड्याळच्या देविदासशी ठरलं होतं. देविदास प्राथमिक शाळेत मास्तर आहे. हरणी शिंगरू असताना सुलोचनानंच तिला पेज पाजून वाढवलं होतं. तिची एकच इच्छा होती, की नवरदेव हरणीवर बसून मांडवात यावा. पण फुटलेल्या नाकाची बातमी अड्याळपर्यंत पोचली होती. देविदासच्या काकांनी निरोप पाठवला होता, की आम्ही जीप करतो.

मामी सरळ म्हणाल्या, "घरच्याच नवरदेवाले जे घोडी चालत नाई, तिले दुसरा कोन बोलावनार? टांग्यात तं आता कोनी बसत नाई, समदे टेम्पोत जातेत. नऊ दिवसांनं मंडई आहे. जावई येईन. त्याले घेऊन नीट चालली तं ठेवू. नाई तं बाजारात दाखवू."

मंडई म्हणजे दिवाळीनंतर गावोगाव भरणारी जत्रा. पाहुण्यांना मुद्दाम बोलावतात. सुलोचनानं माझ्या ताटात पाचवा वडा वाढला.

दुसऱ्या दिवशी मी आधी हरणीचं तोंड उघडून पाहिलं. लगामाच्या लोखंडी कांबीला एका बाजूला धार आली होती आणि ओठाच्या कोपऱ्यात जुन्या जखमेचा वण होता. मी मामांना दाखवलं. ते बराच वेळ त्या कांबीवरून अंगठा फिरवत राहिले.

"म्हन्जे पोरीले दुखून राह्यलं होतं, आन् मी तिले शिव्या देऊन राह्यलो होतो."

गावच्या लोहारानं कांब घासून गुळगुळीत केली. पण दुखणं गेलं तरी सवय राहिली होती. लगाम हातात आला की हरणीची मान वर. जेरबंद त्यासाठी होता. त्याचं एक टोक घोड्याच्या पोटाखालच्या तंगाला, म्हणजे खोगीर आवळायच्या पट्ट्याला, अडकवतात. तो पुढच्या दोन पायांमधून छातीवर येतो आणि तिथे त्याच्या दोन शाखा होतात. शाखांच्या टोकांच्या कड्यांतून लगामाची वादी ओवतात. घोड्यानं मान फार वर नेली की कड्या वादीला खाली धरतात. मान जागेवर आणली की कड्या लगेच सैल.

मी हे वहीतलं चित्र दाखवून सांगितलं. मामांना चित्र कळलं नाही. सुलोचनाला चित्राशिवाय कळलं.

"म्हन्जे भाऊ, तिचं तिलेच ओढू द्याचं, आन् तिचं तिलेच सोडू द्याचं."

वहीत दोन पानं होती. तिनं एका वाक्यात सांगितलं.

मी जेरबंद दुसऱ्या भोकावर लावला, म्हणजे बराच सैल. सकाळ-संध्याकाळ मी हरणीवर बसायचो आणि सुलोचना बाजूनं चालायची. मान खाली आली की ती "शाब्बास गं बाई" म्हणायची आणि मी हात सैल सोडायचो. चौथ्या दिवशी हरणी एक आख्खी फेरी नाक समोर ठेवून चालली. मला इतका आनंद झाला की मी खाली उतरून मामांना मिठी मारली. मग लाज वाटली.

पण मामांचं समाधान झालं नव्हतं. त्यांच्या घरात भिंतीवर एक कॅलेंडर होतं, खताच्या दुकानाचं. त्यावर पांढरा घोडा, मान धनुष्यासारखी वाकलेली, हनुवटी छातीला टेकलेली, एक पाय उचललेला. मामांनी त्याच्याकडे बोट दाखवलं.

"असी मान पाह्यजे डाक्टर. नवरदेवाची घोडी आहे. अजून आवळू का?"

इतकी वाकलेली मान चांगली नसते, हे मला माहीत होतं. परीक्षेत मी ते लिहिलंही असतं. पण मामा वडिलांच्या वयाचे, मी त्यांच्या घरी जेवणारा. मी म्हणालो, "तसं... थोडंसं चालेल बहुतेक."

त्यांनी पट्टा पाचव्या भोकावर आणला. हरणीची मान खरंच कॅलेंडरसारखी झाली. शेजारीपाजारी पाहायला आले. आंधळगावच्या वाटेवर तलावाची पाळ आहे, आणि पाळीच्या एका टोकाला सलंग, म्हणजे जादा पाणी वाहून जायची दगडी जागा. मी हरणीवर बसून तिथे पोचलो तेव्हा त्यावर घोटाभर पाणी होतं. पाण्यात पाय टाकताना घोड्याला मान लांब करून खाली बघावं लागतं. हरणीनं मान लांब केली, ती पुढे जाईना. वर केली, वर जाईना. ती घाबरून मागे सरली, तिचा मागचा पाय पाळीवरून घसरला, आणि आम्ही दोघं सावकाश, अगदी बसल्या बसल्या, खालच्या बांधीतल्या चिखलात गेलो.

चिखल मऊ होता. कोणाला लागलं नाही. धान कापणाऱ्या बायका विळे खाली ठेवून हसल्या.

"अवो, डाक्टर रोवना करून राह्यला वो, कापनीच्या दिवसात!" रोवणा म्हणजे भाताची लावणी.

सुलोचना मात्र हसली नाही. ती चिखलात उतरली, पट्टा सोडला आणि थरथरणाऱ्या हरणीच्या मानेवरून हात फिरवत राहिली. मग माझ्याकडे वळली.

"तुमाले माईत होतं न भाऊ?"

"हो."

"मंग काहून नाई बोलले?"

संध्याकाळी मी मामांसमोर उभा राहिलो. "मामा, दुसरं भोक. त्याच्यापुढे नाही. त्या चित्रातला घोडा कधी पाण्यातून गेला नसेल."

मामांनी कॅलेंडरकडे पाहिलं, मग माझ्या चिखलानं वाळलेल्या पायजम्याकडे. "बरं जी," ते म्हणाले. "मले वाटलंच होतं, तू कवा तरी रागावशीन. बम उशीर लावला बाप्पा."

सहावा दिवस हरणीची भीती घालवण्यात गेला. सातव्या दिवशी ती त्याच सलंगाच्या पाण्यातून गेली, मान लांब करून, एकेक दगड पाहत. आठव्या दिवशी संपूर्ण फेरीत जेरबंदाच्या कड्या एकदाही ताणल्या नाहीत. मान उंच नाही, कॅलेंडरसारखीही नाही, नाक आपल्या वाटेकडे. ती मोकळ्या मनानं चालणाऱ्या बाईसारखी दिसत होती.

मंडईच्या सकाळी सुलोचना गोठ्यात आली. "भाऊ, उद्या तुमी जासान. पट्टा बी जाईन. लग्नात तं तो राहनार नाई. मंग आज काढूनच पाहू न."

तिचं बोलणं खरं होतं. मी पट्टा काढला आणि पिशवीत ठेवला.

दुपारी रस्त्यावर एस.टी. थांबली. देविदास काकांबरोबर उतरला. उंच, चष्मेवाला, इस्त्रीचा सदरा. त्यानं हरणीकडे पाहिलं आणि नकळत नाकाला हात लावला.

"बसा मास्तर," मामा म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता.

काका म्हणाले, "मान बांधा ना तिची खाली. जोखीम काहून?"

"नाही," मी म्हणालो. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मीही दचकलो, पण पुन्हा म्हणालो, "नाही. तिला बांधायची गरज नाही. मास्तर, तुम्ही फक्त हात सैल ठेवा."

देविदास बसला. मी बाजूनं चालू लागलो. सासरच्या माणसांसमोर सुलोचनाला पुढे येता येत नव्हतं. ती दूर, घराच्या कुंपणाशी उभी होती. मंडई ऐन भरात होती. जिलबीच्या कढया, फुगेवाले, एका ट्रान्झिस्टरवर गाणी. आम्ही चौकात आलो आणि दंडारीतल्या (नाचगाण्याच्या खेळातल्या) माणसानं हरणीच्या अगदी कानाशी ढोलावर थाप मारली.

हरणीची मान वर गेली. मामांनी डोळे मिटले. देविदासनं घाबरून लगाम ओढला असता तर सगळं तिथेच संपलं असतं. पण त्यानं लगाम सोडून दोन्ही हातांनी नाक झाकलं.

वादी एकदम सैल पडली. हरणी क्षणभर थांबली. जणू तिनं वाट पाहिली की आता कोणी ओढेल. कोणी ओढलं नाही. मग तिनं मान खाली आणली, फुर्रकन नाक वाजवलं आणि ढोलवाल्याला वळसा घालून शांतपणे पुढे निघाली.

देविदास दोन्ही हात नाकावर ठेवून, लगामाशिवाय, अख्खा चौक पार करून गेला.

"हात काढ ना बाबू!" काका ओरडले. "मांडवात असाच येशीन का?"

गर्दी हसली, मामा हसले, देविदासही चष्मा सावरत हसला आणि त्यानं वादी हातात घेतली, अगदी सैल. कुंपणाशी हरणी आपण होऊन थांबली आणि तिनं कपाळ सुलोचनाच्या खांद्याला घासलं. काकांनी सगळ्यांदेखत सांगितलं, "जीप राहू द्या. हेच घोडी." मामी घरात गेल्या. बाजाराचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. रात्री मला वडे किती वाढले, ते मी मोजले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मामांनी मला टांग्यानं आंधळगावला सोडलं. पिशवीत चिन्नोर तांदूळ होते, त्यामुळे जेरबंद आणखीच बाहेर लोंबत होता. परतीच्या वाटेवर भात बरंच कापून झालं होतं आणि बांध्या मोकळ्या दिसत होत्या.

तबेल्यावर दफेदारांनी पट्टा उजेडात धरला. "पाचव्या भोकाला ताण बसलाय."

"हो. माझी चूक. मला नाही म्हणता आलं नाही."

"नंतर?"

"दुसरं."

"आणि शेवटी?"

"शेवटी पट्टा पिशवीत होता."

त्यांनी जेरबंद खुंटीला टांगला. मी जायला वळलो तेव्हा मागून म्हणाले, "उद्या सकाळी काळ्या घोडीवर तू बस." काळी घोडी नव्या मुलांना देत नाहीत.

मी नऊ दिवसांत हरणीला काय शिकवलं, ते मला नीट सांगता येत नाही. लोहारानं कांब घासली, सुलोचनानं शाब्बास म्हटलं, आणि शेवटचा धडा तर देविदासच्या भीतीनं दिला. मी मात्र एक शब्द शिकून आलो. तो वेळेवर म्हटला असता तर एक पायजमा वाचला असता.

गेल्या आठवड्यात आंतर्देशीय पत्र आलं. अक्षर सुलोचनाचं. आत दोनच ओळी होत्या: "लग्न झालं. हरणी सलंगावरून आली. मास्तरांचे दोन्ही हात लगामावर होते."