रामदास आणि हायपोची पुडी

रामदासला त्याच्या घरच्याच गव्हाने मारलं.

म्हणजे गव्हाला कीड लागू नये म्हणून ठेवलेल्या गोळ्यांनी. त्यांचा वायू खोलीत साठला आणि हा त्याच खोलीत दार लावून झोपला.

आज त्याची पुण्यतिथी. मोबाईलवर लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

रामदासचा निफाडला फोटो स्टुडिओ होता. रोलच्या कॅमेऱ्याचे दिवस. तेव्हा माझी कपिला गाय दावं तोडून ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यात शिरली आणि थोड्याच वेळात आडवी पडली. तोंडाला फेस.

गुरांचे डॉक्टर म्हणाले, "किराळ लागलीय. कोवळ्या ज्वारीत सायनाइड असतं."

"साहेब, श्वास तर जोरात चाललाय की!"

"चाललाय. हिरड्या बघा, लालभडक. रक्तात ऑक्सिजन भरपूर आहे, पण शरीरातल्या पेशींना तो वापरता येत नाही. सरपण आहे, चूल विझलीय. माझ्याकडचं इंजेक्शन पुरणार नाही. हायपो मिळेल का कुठे? फोटोवाले फोटो पक्का करायला वापरतात ते."

मी सायकल हाणत स्टुडिओत. रामदासने अख्खा डबा माझ्या हातात दिला.

"अरे, आणि लग्नाचे फोटो?"

"नवरी थांबंल. गाय नाय थांबायची. पळ, घाबरट!"

डॉक्टरांनी ते खडे पाण्यात विरघळवून पाजले. संध्याकाळी कपिला उठून उभी राहिली.

पुढे भेटला की चिडवायचा, "काय म्हणती गाय? फिक्स केलीय मी तिला. आता कधी फिकी पडायची नाय!"

मग डिजिटल आलं. त्याच्या डार्करूमला कुलूप लागलं.

आणि मग ते गव्हाचं झालं.

नाशिकच्या हॉस्पिटलात त्याच्या मुलाला विचारलं, "डॉक्टर काय म्हणतात?"

"काका, ऑक्सिजन लावलाय, पण पेशींना तो वापरता येत नाही म्हणे."

माझ्या डोळ्यांपुढे एकदम कपिला.

मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस. मला तेवढंच कळलं. त्याच्याकडून किल्ली घेतली, एसटीने निफाड गाठलं, डार्करूम उघडली. फळीवर हायपोची एक पुडी होती. ती छातीशी धरून परत आलो. वाटभर एकच, उशीर नको व्हायला.

डॉक्टरीणबाईंनी पुडी हातात घेतली. हसल्या नाहीत.

"काका, दोन्ही विषं पेशीत एकाच जागी घाव घालतात. पण हायपो सायनाइडला धरून लघवीवाटे बाहेर काढतं. या वायूला ते धरत नाही. याला उताराच नाही."

"नाही म्हणजे? थोडं देऊन तर बघा."

त्यांनी पुडी परत माझ्या हातात ठेवली.

रामदास शुद्धीवर होता. पुडी त्याने लगेच ओळखली. मास्कच्या आतून म्हणाला,

"अरे घाबरट, मी काय तुझी गाय हाय का?"

हसला. मीही हसलो.

ती रात्र त्याने काढली नाही.

हात जोडून सांगतो, गव्हात गोळ्या असतील त्या खोलीत कुणी झोपू नका. लेकरांना झोपवू नका. म्हातारा दर वर्षी तेच सांगतो म्हणाल. सांगणार.

पुडी अजून माझ्याकडेच आहे. फेकवत नाही.

गाय थांबली, रामदास. नवरीही थांबली होती.

तूही थोडं थांबायचं होतंस.

राम राम, गड्या.