भातातून जाणारी वाट

गेल्या वर्षीच्या सायकल राइडमध्ये शेवटच्या चढाआधी मला सामानाच्या टेम्पोत बसवण्यात आलं. बसवण्यात आलं असंच म्हणते, कारण मला कुणी विचारलंच नव्हतं. आमचं चौघांचं टोळकं आहे: दातांचे एक डॉक्टर, एक शाळामास्तर, रेल्वेतले एक इंजिनीअर आणि मी, एकटी बाई. मार्ग दरवर्षी डॉक्टर आखायचे. "मॅडम, तुम्ही बसा आता, पुढे फार खडी चढण आहे," असं म्हणत त्यांनी माझी सायकल टेम्पोत चढवलीसुद्धा. माझे पाय शाबूत होते, दमही शाबूत होता. खिडकीतून तिघांच्या पाठी बघत मी वर पोचले आणि उतरता उतरता जाहीर केलं, की पुढच्या वर्षीचा मार्ग मी आखणार.

"आखा की," डॉक्टर म्हणाले. "फसला तर पुन्हा माझ्याकडे."

सगळे हसले, मीही हसले, पण घरी येईपर्यंत माझं डोकं तापलेलं होतं. मार्ग फसला तर मी जन्मभर टेम्पोतली बाई राहणार हे मला स्वच्छ दिसत होतं.

तशी मला स्वतःबद्दल शंका नव्हती. आंबीच्या एका कारखान्यात मी क्वालिटी बघते, म्हणजे दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा. त्यात माहेर टाकवे बुद्रुकचं. मावळातल्या वाटा मला कुणी शिकवायच्या? दसरा झाल्यावर मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप मांडला आणि उपग्रहाच्या चित्रावर रेघ ओढायला बसले.

आमच्या सायकली ग्रॅव्हलच्या. हँडल शर्यतीच्या सायकलीसारखं वळलेलं, पण टायर जाड, मुरुमावरून आणि जंगलातल्या मातीवरून चालणारे. त्यामुळे डांबर जितकं कमी तितकी मजा जास्त. मी आखलं ते असं: तळेगावहून आंबीमार्गे टाकवे, तिथून आंदर मावळात आत, शेतं ओलांडून खिंडीचा पायथा, खिंड चढून पलीकडे नाणे मावळात, आणि मग रानाच्या कडेकडेनं लोणावळा. शेवटी कुसगावात जेवण. सत्तरेक किलोमीटर, आणि चढ असा की डॉक्टरांनाही घाम फुटावा.

खिंडीच्या अलीकडच्या शेतांमधून एक पांढरी रेघ थेट पायथ्याशी जात होती. ती दिसली तेव्हा मी एकटीच टाळी वाजवली. ही तर आमची वाट! लहानपणी मामाच्या गावाला जाताना बैलगाडी याच वाटेनं पायथ्यापर्यंत यायची, पुढे आम्ही पोरं खिंडीतून पायी पळत सुटायचो. चित्रात दिसते आहे, शिवाय स्वतः गेलेली आहे, आता आणखी काय तपासायचं? मार्गाची फाइल मी दिवाळीच्या पहिल्या दिवशी ग्रुपवर टाकली. खाली लिहिलं, "बघा आणि शिका."

भाऊबीजेला टाकव्याला गेले. ओवाळून झालं, करंजी खाल्ली, आणि मोठ्या ऐटीत दादाला मोबाइलवर मार्ग दाखवला. दादा माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा, अजून स्वतः शेती करतो. त्यानं मोबाइल हातभर लांब धरला आणि त्या पांढऱ्या रेघेवर बोट ठेवलं.

"ही तर उन्हाळी वाट हाय. आत्ता तितं भात हाय गं. निम्मं उभं, निम्मं कापून पसरलंय."

"अरे, फोटोत चक्क रस्ता दिसतोय."

"फोटूतली शेतं कसल्या रंगाची हायती?"

तपकिरी होती. सगळीच्या सगळी. चित्र उन्हाळ्यातलं होतं. आणि मामाच्या गावाला आम्ही जायचो ते फक्त मे महिन्यात, शाळेला सुट्टी लागल्यावर, शेतं मोकळी पडलेली असताना. पावसाळा लागला की नांगर फिरायचा आणि त्या वाटेवर इंद्रायणी भात डोलायचा. हे मला माहीत नव्हतं? आमच्याच शेतात मी लावणी केली आहे, गुडघाभर चिखलात. कारखान्यात कुणी असा माल पाठवला असता तर मी आरडाओरडा करून परत धाडला असता. मला स्वतःचीच इतकी लाज वाटली की हातातली दुसरी करंजी खाववेना.

मग मी वकिली सुरू केली. "बांधावरून सायकली ढकलत नेल्या तर?"

"न्या की," दादा म्हणाला. "तोंडावर कोन काय म्हननार न्हाई तुमाला. बांध ढासळला की आमी हायच दुरुस्तीला."

डांबरी रस्त्यानं वळसा घातला तर रान जवळजवळ सगळंच सुटत होतं. तेवढ्यात दादानंच विचारलं, "पावसाळ्यात आपली ढोरं कुटून जायची वर?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा पुढे, पायात चपला, आणि मी मागे सायकल घेऊन. शेतं संपतात तिथे रान लागतं, आणि रानाच्या आतून, डोंगराच्या कुशीतून ढोरांची वाट खिंडीकडे जाते. वर ऐन आणि जांभळाच्या झाडांची दाट सावली. मोबाइलवर तिथे नुसता हिरवा ठिपका होता आणि पायाखाली खुरांनी खोलगट केलेली चांगली हातभर रुंद वाट होती. बरीचशी सायकलवर बसून जाता येत होती. एका ठिकाणी मात्र दगडांचा उभा टप्पा लागला, दोनेकशे पावलांचा. तिथे मी सायकल खांद्यावर घेतली. करवंदीनं दंड ओरबाडला, दोनदा थांबले, पण वर गेले. मला इतका आनंद झाला की मी ओरडलेच.

दादा दगडावर टेकून हसत होता. "तुजी मानसं येत्याल का हितनं?"

"न यायला काय झालं? मी आले ना."

घरी आल्यावर मात्र ग्रुपवर काय लिहायचं ते सुचेना. गुपचूप फाइल बदलली असती तर कुणाला कळलंही नसतं. पण चूक झाकून माल बदलणाऱ्यांना मी आजवर कधी सोडलेलं नाही. लिहिलं, "पहिली फाइल चुकीची, चूक माझी. तिथे भात आहे. नवी वाट रानातून, दोनशे पावलं सायकल उचलावी लागेल."

पाचव्या मिनिटाला डॉक्टरांचा फोन. "मॅडम, मीच बघू का मार्ग? अजून आठवडा आहे."

"नको. मी चालून आलेय."

"उपग्रहात तर तिथे काहीच दिसत नाही."

"झाडाखाली आहे. दिसणार कसं?"

"हं," एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला. त्या 'हं'चा अर्थ मी आठवडाभर लावत होते. गुपचूप दुसरा मार्ग आखून आणतील अशी धास्ती मला होती, खोटं कशाला बोलू.

रविवारी टाकवे मागे टाकून आम्ही शेतांपाशी आलो. मी जिथे पांढरी रेघ बघून टाळी वाजवली होती, नेमक्या तिथे बायका कापणी करत होत्या. आमच्याकडे बघून एकीनं विळा वर केला, मीही हात केला. पुढे मुरुम संपला आणि रान सुरू झालं. डॉक्टर सायकलवरून उतरले. त्यांनी भाताकडे पाहिलं, झाडांकडे पाहिलं, मग मोबाइलच्या पडद्यावर बोटांनी हिरवा रंग मोठा करून करून पाहिला. मास्तर आणि इंजिनीअर मागे थांबले होते.

डॉक्टरांनी मोबाइल जर्सीच्या पाठीवरच्या खिशात टाकला, खिशाची चेन लावली आणि सायकल बाजूला घेऊन मला पुढे जायला जागा करून दिली.

"सांगा मॅडम, आता कुठून?"