रफूबाईची तीन बोटं

ज्याला त्याला एकच गोष्ट सांगायची होती: प्रतिकारशक्ती वाढव. शेजारचा इस्त्रीवाला सांगायचा, दूध टाकणारा सांगायचा, पँटला भोक पडलं म्हणून आलेलं गिऱ्हाईकसुद्धा पँट बाजूला ठेवून आधी तेच सांगायचं. सगळ्यांनी मिळून रफूबाईच्या डोक्यावर मिरे वाटायचं ठरवलं होतं जणू.

"अहो, ती फार झालीय म्हणूनच तर ही बोंब आहे!" ती ओरडायची. पण ऐकतंय कोण? लोकांना सल्ला द्यायचा असतो, रोग कुठला याच्याशी त्यांना काय करायचंय! रोग रेड्याला आणि औषध पखालीला, दुसरं काय.

रफूबाई म्हणजे बावन्न वर्षांची, किडकिडीत, तोंडाने फटकळ आणि हाताने देवमाणूस. जिन्याखालच्या अरुंद खोलीत, दाराशी स्टूल टाकून ती गेली तीस वर्षं फाटक्या कपड्यांना रफू करत होती. दाराशीच का, तर रंग दिव्याखाली फसवतो, उजेडात नाही. तिचा नियमच होता: धागा कितीही ओळखीचा असो, उंबऱ्यावर नेऊन कापडाशेजारी धरून पाहिल्याशिवाय सुईत जायचा नाही. काळा म्हणून तुम्ही आम्ही ज्याला एकच नाव देतो, त्यात ती वीस काळे दाखवायची. आणि सगळ्यात उत्तम धागा कुठला, तर त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून उपसलेला. परका धागा आज ना उद्या उठून दिसतोच.

या सगळ्या कारभाराला लागतात तीन बोटं. उजव्या हाताचा अंगठा, त्याच्या शेजारचं बोट आणि मधलं. नेमकी तीच तीन बोटं वर्षापूर्वी सुजायला लागली.

आधी वाटलं, कामाने दुखत असतील. मग सकाळी उठल्यावर तास तासभर मूठच मिटेना. कपाचा कान धरता येईना, ब्लाउजची हुकं लागेनात. वेणी थोरली बहीण, ताई, घालून द्यायला लागली, ती इतकी घट्ट की डोळे ताणले जायचे. शेवटी हाडांच्या डॉक्टरने सांध्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं. ताई सोबत होतीच. डॉक्टर तरुण होती, शांत होती आणि मुख्य म्हणजे सल्ला देण्याआधी ऐकून घेत होती.

"जंतू कुठला शिरलाय माझ्या हातात?" रफूबाईने विचारलं.

"जंतू नाहीच. तुमच्या रक्तात ज्या पेशी जंतूंशी लढतात ना, त्याच तुमच्या सांध्यांच्या अस्तरावर तुटून पडल्यात."

"घरच्याच?"

"घरच्याच. बघा, लढणाऱ्या पेशींत थोड्या अशा निघतातच, ज्यांना आपलं आणि परकं नीट कळत नाही. सगळ्यांच्याच अंगात असतात. बऱ्याचशा सुरुवातीलाच बाद होतात. उरतात त्यांना आवरायला शरीरात दुसऱ्या पेशी असतात. त्यांचं काम लढायचं नाही, लढणाऱ्यांना 'पुरे आता' म्हणायचं. तुमच्यात त्या आवरणाऱ्या कमी पडतायत, नाहीतर लढणाऱ्या त्यांचं ऐकत नाहीत. हे नेमकं का बिघडतं ते अजून कोणालाच पूर्ण ठाऊक नाही."

"म्हणजे भीक नको, पण कुत्रं आवर, अशी गत," रफूबाई म्हणाली.

डॉक्टर हसली. "बरोब्बर. ही गोळी कुत्रं आवरायलाच आहे. ती तुमची प्रतिकारशक्ती थोडी खाली आणेल. म्हणून वेळच्या वेळी रक्त तपासायचं, ताप आला तर लगेच यायचं. पण गोळी एक दिवस चुकवायची नाही. सूज अशीच राहिली तर सांधे झिजतील, बोटं वाकडी होतील, आणि एकदा वाकली की कुठलीच गोळी ती सरळ करायची नाही."

रफूबाईने बोटांकडे पाहिलं. रफूशिवाय तिला काही येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर काही यावं असंही तिला कधी वाटलं नव्हतं.

आता ताईबद्दल सांगायला हवं, कारण तिच्याशिवाय हे प्रकरण घडलंच नसतं. ताई म्हणजे थोरली बहीण, नऊ वर्षांनी मोठी, शाळेच्या ऑफिसातून कारकून म्हणून निवृत्त झालेली, नवरा जाऊन दहा वर्षं झालेली. दोघी वरच्या दोन खोल्यांत राहायच्या. आई लवकर गेली, तेव्हापासून धाकटीला कोणी काही करू नये हे ताईने आपलं आयुष्यभराचं काम मानलं होतं. धाकटीला छडी मारणाऱ्या मास्तरांना तिने भर वर्गात झापलं. पुढे धाकटीला एक स्थळ आलं होतं. चांगला, सरळ माणूस. एका संध्याकाळी तो धाकटीची विसरलेली छत्री परत द्यायला मागच्या दाराने आला, तर ताईने चोर समजून वरून बादलीभर पाणी ओतलं. तो जो गेला तो गेलाच. छत्रीही घेऊन गेला.

वडील होते तोवर बरं होतं. ताईचा पट्टा सुटला की ते पेपरातून मान वर न काढता एवढंच म्हणायचे, "बास." आणि ताई गप्प व्हायची. वडील गेले आणि घरात बास म्हणणारं कोणी उरलं नाही. धाकटीने म्हटलं तर ताई म्हणायची, "तुला काय कळतंय?"

तर गोळ्या. रफूबाईच्या बोटांना पाकिटातली गोळी दाबून काढणं जमेना, म्हणून ताईने सात खणांची डबी आणली. दर रविवारी ताई डबी भरायची, रोज रात्री जेवणानंतर रफूबाई डोळे मिटून, तोंड वाकडं करून गोळी गिळायची. गोळीचा तिला लहानपणापासून तिटकारा.

तीन महिने झाले, सूज उतरेना. डॉक्टरने रक्त तपासलं, आकडे वाढलेले. "गोळ्या घेताय ना नियमित?"

"घेते हो!"

डोस वाढला. आणखी दोन महिने गेले. बोटं आणखी फुगली, मधलं बोट कलायला लागलं. "एकही चुकवली नाही?" डॉक्टरने पुन्हा विचारलं.

"आता काय स्टँपपेपरवर लिहून देऊ?" रफूबाई चिडून घरी आली. घरी ताई, "मी म्हणतच होते, या डॉक्टरीणबाईत राम नाही." त्यावर इस्त्रीवाला, "प्रतिकारशक्ती..." रफूबाईने त्याच्याकडे असं काही पाहिलं की त्याने इस्त्रीत तोंड घातलं.

त्याच आठवड्यात एक तरुण मास्तर आपल्या वडिलांचा काळा कोट घेऊन आले. कसर लागून कोपराशी रुपयाएवढं भोक. वडील गेलेले, कोट मास्तरांना अंगावर घालायचा होता. शिवणीतला धागा पुरेना, म्हणून रफूबाईने काळ्या धाग्यांचा खण पूर्ण बाहेर ओढला, आणि तळाशी धाग्यांच्या गुंत्यात एक पिवळी गोळी निघाली. आठवलं: अगदी पहिल्या आठवड्यात, डबी यायच्या आधी, इथेच स्टुलावर पाकिटाशी झटापट करताना एक उडाली होती.

फेकायला हात उचलला आणि सवयीने ती उंबऱ्यावर गेली. तिथे उजेडात गोळी धरली. मग वर जाऊन डबीतली आजची गोळी आणली आणि काळ्या कोटावर दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या.

दुसऱ्या कोणाला दोन्ही पिवळ्याच दिसल्या असत्या. पण एक लिंबाच्या सालीसारखी, मधोमध बारीक रेघ असलेली. दुसरी जरा केशरीकडे झुकलेली, गुळगुळीत. परका धागा.

वीस काळे ओळखणारी बाई पाच महिने डोळे मिटून गिळत होती! तिला आधी स्वतःचाच संताप आला. मग ती जिना चढून गेली, दुखऱ्या मुठीत दोन्ही गोळ्या धरून.

"ताई, ही कसली गोळी?"

ताईने लपवलंसुद्धा नाही. "शक्तीची. प्रतिकारशक्ती वाढवणारी. त्या दुसऱ्या गोळीच्या खोक्यातला कागद मी भिंग लावून वाचलाय. स्पष्ट लिहिलंय, प्रतिकारशक्ती कमी करते. असलं विष मी माझ्या हाताने तुला देऊ? त्याच रंगाची बघून बघून आणली, तुला संशय येऊ नये म्हणून."

"कधीपासून?"

"पहिल्या रविवारपासून."

रफूबाईचा बांध फुटला. "अगं, डॉक्टरने सांगितलं तेव्हा तू माझ्या शेजारी बसली होतीस ना! माझं अंगच मला खातंय, आणि तू त्याला खुराक घालत होतीस? शाळेत मास्तरांना झापलंस, चांगल्या माणसावर बादली ओतलीस, माझ्यासाठीच ना सगळं? माझ्या रक्तात तेच चाललंय ताई! राखणदार फार झालेत आणि त्यांना आवरणारं कोणी नाही. ही बोटं गेली तर मी काय करू? सांग ना! काय करू मी?"

ताईने तोंड उघडलं. "तुला काय..." एवढंच म्हणाली आणि तिची नजर त्या कललेल्या बोटावर गेली.

दुसऱ्या दिवशी ताईने स्वतः डॉक्टरसमोर सगळं सांगितलं. डॉक्टर रागावली नाही, आणि तेच ताईला जास्त लागलं. "आता खरी गोळी सुरू करू, कमी डोसपासून," डॉक्टर म्हणाली. "पण पाच महिने गेलेत. किती हाती लागेल ते बघावं लागेल."

चार महिन्यांनी अंगठ्याची सूज उतरली, शेजारच्या बोटाची उतरली. मधलं मात्र वाकलं ते वाकलंच. रफूबाई सुई नव्याने धरायला शिकली, दोन बोटांत, चिडत, कापड आपटत, पुन्हा उचलत. सुईत धागा ओवायचं काम ताईकडे आलं. मास्तरांचा कोट तयार झाला. त्यांनी कोपर उजेडात फिरवून फिरवून पाहिलं, भोक कुठे होतं ते त्यांना सापडेना. रफूबाईला मात्र लांबूनही दिसत होतं. दोन टाके ओढलेले होते.

डबी केव्हाच फेकली. आता रोज संध्याकाळी दिवस मावळायच्या आत ताई खाली उंबऱ्यावर येते, समोर पाकीट फोडते आणि गोळी तळहातावर धरते. "बघ, हीच ना?" रफूबाई बघते, डोळे उघडे ठेवून गिळते.

एका संध्याकाळी ताईने तिचा हात सोडलाच नाही. ते मधलं बोट दोन्ही हातांत घेऊन हलके हलके दाबत ती ते सरळ करू लागली, सुरकुतलेलं कापड सारखं करावं तसं. काही होणार नव्हतं, दोघींना ठाऊक होतं. तरी ताई दाबत राहिली, जरा जास्तच जोराने.

"बास, ताई," रफूबाई म्हणाली. "दुखतंय."

ताई थांबली. बोट सोडून तिने सुई उचलली, उजेडाकडे धरली आणि धागा ओवायला लागली.