कापसाचे बोळे

काही वर्षं मी सौंसरजवळच्या एका संत्र्याच्या बगीच्यात राखणदार होतो. संत्री पिवळी पडायला लागली की वानरांचे कळप उतरत. वानर मारायचं नाही. जामसांवलीचा मारुती एवढ्या जवळ, पाप कोण घेईल? म्हणून मालकाच्या, नळीच्या तोंडातून भरायच्या भरमार बंदुकीत छर्रे भरतच नव्हतो. नुसती दारू, तिच्यावर बोळा ठासायचा, अन् बार उडवायचा. आवाज काढणं हेच काम. मालक टोमणा मारी, "कालचा बार होता का पापड मोडला रे?" मग मी दारू वाढवी, बोळा आणखी कसून ठासी.

बायको कापूस वेचायला जाई. मूठभर कापूस घरी आणी, सरकी काढून दोन बोळे करी अन् माझ्या भाकरीच्या फडक्यात बांधून देई.

"अवो, बार काढताना कानात घालत जा. मी बोलून राहिली अन् तुम्ही नुसतं हो हो करून भलतीकडंच पाहून राहिले."

"कानात बोळे मढ्याच्या घालतात. मी जिता हाय."

"मढं बरं. ते निदान हो हो तं नाही म्हणत."

ती हसली. मी ते बोळे बंदुकीत ठासले. रोज ठासले. तिच्याच कापसानं बार मोठा होई.

मग कानात रातकिडे बसले, ते उठलेच नाहीत. नागपूरचा डॉक्टर ओरडून म्हणाला, उजव्या खांद्याला बंदूक लावता, तर डावा कान नळीच्या तोंडाजवळ येतो, तोच आधी गेला. उजवाही चालला. नुसत्या कापसानं आवाज थोडाफारच अडला असता, वरून घट्ट झाकण पाहिजे होतं. गेलेला कान परत येत नाही.

दोन वर्षांनी ती काविळीनं पडली. आवाज बसला होता. एका सकाळी तिनं खुणेनं बोलावलं अन् काहीतरी सांगितलं. लांबलचक. मी ओठ पाहिले. समजलं नाही. पुन्हा विचारायची लाज वाटली. म्हणालो, "हो, हो." तिनं माझ्याकडं पाहिलं अन् डोळे मिटले. दुपारी गेली.

बायांनी नाकाकानात घालायला कापूस मागितला. तिनंच करून ठेवलेले बोळे फडताळात होते. तेच दिले.

कोणी बंदूक धरत असेल तर कान झाका. लोक हसतील, हसू द्या. मी कोणत्या गोष्टीला हो म्हटलं, ते मला अजून माहीत नाही. ते केलं का नाही केलं, तेही नाही.